कोठा, पेव आणि उडालेल्या टिना

तर झालं असं. गेल्या वैशाखात एका संध्याकाळी महागावच्या बाजूला वावधन सुटलं. वावधन म्हणजे आमच्याकडचा वादळी वारा. दिवसभर ४४ डिग्रीत भाजून निघाल्यावर चार-साडेचारला पश्चिमेकडून काळं भरून येतं, आधी धूळ, मग वारा आणि शेवटी जमलंच तर पाऊस. रात्री बाबांचा फोन आला.

"कोठ्याच्या टिना उडाल्या. तीन सापडल्या, दोन नाल्यात हायेत. एक अजून गावलीच नाही."

बैल ठीक होते. ते त्या वेळी बाहेर लिंबाखाली बांधलेले होते म्हणून. मी जरा हळहळलो, पैसे पाठवतो म्हणालो, तर बाबा म्हणाले, "पैशाचं पाहू मंग. तू इंजिनेर हायेस ना लेका, मले हे सांग, आता कसा बांधाचा?"

आता मी कसला इंजिनियर हे बाबांना चांगलं ठाऊक आहे. आजवर मी उभारलेली सगळ्यात मोठी वास्तू म्हणजे एका बँकेचं लॉगिन पेज, आणि तेही दोनदा कोसळलं. पण प्रश्न डोक्यात राहिला. मग पुढचे चार-पाच शनिवार-रविवार मी कोठा या एकाच विषयावर वाचत बसलो, आबाजींना फोन करून पिडलं, जुन्या गॅझेटियरमध्ये डोकं घातलं. त्यातून जे हाती लागलं ते इथे लिहून ठेवतोय.

आधी शब्दाचा खुलासा. पुण्यात ऑफिसात "बाबा नवीन कोठा बांधतायत" म्हटलं की लोक दचकून बघतात. मंडळी, हिंदी सिनेमा जरा बाजूला ठेवा. वऱ्हाडात गुरांच्या गोठ्याला कोठा म्हणतात. घराला लागून असतो तो घरचा कोठा आणि वावरात असतो तो वावरातला कोठा. गुरं, औतफाटा, कुटार (सोयाबीन, तूर, हरभऱ्याचा भुसा), खताच्या गोण्या, फवारणीचा पंप, आणि उन्हाळ्यात खाटेवर झोपलेला एक तरी माणूस, असं सगळं त्यात मावतं.

या कोठ्याला काय काय सोसायचं असतं ते पाहा. मे महिन्यात ४४-४५ डिग्री. मृगाच्या आधी आणि कधीकधी फाल्गुनातही वावधन आणि गारपीट. पावसाळ्यात साधारण ९०० ते १००० मिलिमीटर पाऊस, पण तो महिन्याला सारखा वाटून पडेल तर शपथ. पौष महिन्यात रात्रीची थंडी. आणि हे सगळं सोसायचं ते काळ्या जमिनीवर. ही जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देऊन आकसते. म्हणजे वरून आभाळ आणि खालून जमीन, दोघंही कोठ्याच्या मुळावर.

आबाजींच्या लहानपणीचा कोठा कसा होता? मी विचारलं आणि त्यांनी अर्धा तास सांगितलं. सागाच्या मेढी, म्हणजे वरच्या टोकाला दुबेळकं असलेले खांब. मेढीच्या बुडाला मुरूम ठोकून भरायचा, काळ्या मातीत खांब नुसता रोवायचा नाही, नाहीतर दुसऱ्या पावसाळ्यात तो दारुड्यासारखा कलतो. दुबेळक्यात आडं बसवायचं, त्यावरून दोन्ही बाजूंना वासे सोडायचे, वाशांवर बांबूच्या कामट्या आणि त्यावर गवत. बांधायला अंबाडीचा वाख. ही अंबाडी विकत आणायची नसे, कापसा-ज्वारीच्या तासांत दोन-चार ओळी पेरलेल्या असत. भाजीला पानं आणि दोरीला वाख. भिंती म्हणजे तुराट्यांचा नाहीतर पऱ्हाट्यांचा कुड, वरून शेणमातीचा लेप. हा लेप पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या बाजूला जाड, कारण उन्हं आणि पाऊस दोन्ही तिकडूनच मारा करतात. पूर्वेची बाजू जवळपास उघडी. कुड वर छपरापर्यंत न्यायचा नाही, हातभर फट ठेवायची, म्हणजे गरम हवा तिथून निघून जाते. वळचण मात्र इतकी खाली की मोठ्या माणसाला वाकूनच आत शिरावं लागतं.

ही खाली आलेली वळचण मला लहानपणी फार गावंढळ वाटायची. आता कळतं की तिने एका दगडात तीन पक्षी मारले होते. दुपारचं तिरपं ऊन आत येत नाही, झडीचा पाऊस कुडाच्या मातीला लागत नाही, आणि वाऱ्याला छपराच्या पोटात शिरायला जागा राहत नाही.

इथे शाळेतलं फिजिक्स थोडं. वाऱ्याचा दाब मोजायचं एक साधं सूत्र भारतीय मानकांत दिलेलं आहे. वेग मीटर प्रति सेकंदात घ्या, त्याचा वर्ग करा, ०.६ ने गुणा, म्हणजे दर चौरस मीटरला किती न्यूटन दाब ते मिळतं. ताशी १०८ किलोमीटरचा वारा म्हणजे सेकंदाला ३० मीटर. उत्तर ५४० न्यूटन, म्हणजे दर चौरस मीटरला साधारण ५५ किलो. छपराचा उतार, उघड्या बाजू वगैरेंप्रमाणे हा आकडा कमी-जास्त होतो, पण अंदाज म्हणून धरा. आता दहा फूट बाय तीन फुटांचा एक पत्रा घ्या. क्षेत्रफळ पावणेतीन चौरस मीटरच्या आसपास, वजन बारा-तेरा किलो. वारा त्याला वर उचलतोय दीडशे किलोने. आमच्याकडे टिनांवर दगड ठेवायची पद्धत आहे, एका टिनेवर चार दगड, प्रत्येकी आठ-दहा किलोचे. बेरीज तुम्हीच करा. बाबांना ही बेरीज सांगितली तेव्हा ते म्हणाले, "दगड बी उडाले ना मंग. एक लिंबाच्या बुडाशी सापडला."

गवताचं छप्पर वजनाने फार भारी नसतं, पण त्याचा उतार तीव्र असतो, त्यातून हवा थोडी थोडी झिरपते, आणि उडालंच तर चार पेंढ्या उडतात, अखंड पातं तलवारीसारखं फिरत जात नाही. गारांनी त्याला भोक पडत नाही. फेब्रुवारी-मार्च २०१४ च्या गारपिटीने विदर्भ-मराठवाड्यात पिकांची वाट लावली, तेव्हा कवेलू आणि सिमेंटचे पत्रेही ठिकठिकाणी फुटले. गवत गार झेलतं आणि खाली सोडून देतं. आणि उन्हाचं तर विचारूच नका. मे महिन्यात भर दुपारी टिनेच्या कोठ्यात उभं राहणं आणि तव्याखाली उभं राहणं यात फार फरक नाही.

हे सगळं वाचून मला वाटायला लागलं की झालं, उत्तर सापडलं! पूर्वजांना सगळं कळत होतं, आपण मूर्खासारखे टिना लावत बसलो. अशा आशयाचं एक लांबलचक भाषण मी आबाजींना फोनवर दिलं. ते शांतपणे ऐकून घेत होते. मग म्हणाले, "जयताना पाह्यलं का तू कधी?"

नव्हतं पाहिलं. त्यांनी पाहिलं होतं. ते दहा-बारा वर्षांचे असतील तेव्हा शेजारच्या कोठ्याला दुपारी आग लागली. वैशाखातलं गवत, वर वारा. माणसं विहिरीवरून पाणी आणेपर्यंत छप्पर खाली आलं होतं. दोन गुरं दाव्यालाच. त्यानंतर आमच्या घरात एक नियम झाला, उन्हाळ्यात दाव्याची गाठ सरकफास मारायची, एका झटक्यात सुटली पाहिजे. बाबा अजूनही तशीच गाठ मारतात. मला वाटायचं त्यांना दुसरी येत नाही.

आगीशिवाय उंदीर आणि उंदरांमागून साप. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दरवर्षीची शाकारणी. गवताचं छप्पर एकदा केलं आणि विसरलं असं नसतं. मृगाच्या आधी जुनं कुजलेलं काढायचं, नवं भरायचं, वाख बदलायचा, कुडाला नवा लेप. दर दोन-तीन वर्षांनी एखादा वासा. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर जुना कोठा हे एकदा विकत घेतलेलं सॉफ्टवेअर नव्हतं, त्याची वार्षिक वर्गणी होती. आणि ती वर्गणी पैशांत भरायची नव्हती. ती गवतात, लाकडात आणि माणसांच्या हातांत भरायची होती.

इथून माझ्या शोधाला वेगळंच वळण लागलं. कारण गवत आणि लाकूड यायचं कुठून? जंगलातून. आणि जंगल कोणाचं?

वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आलं. कापसासाठी त्यांना ही काळी जमीन हवी होती, पण जमिनीबरोबर सागाची जंगलंही आली. १८८६ साली वऱ्हाडाचा स्वतंत्र वनकायदा झाला. सरकारी जंगलांचे अ, ब, क असे वर्ग केले गेले. 'अ' इमारती आणि जळाऊ लाकडासाठी. 'ब' गवतासाठी, म्हणजे रमणे आणि बाभूळबनं. 'क' चराईसाठी. कागदावर पाहिलं तर अगदी नीटनेटकं काम, मला तर डेटाबेसचं टेबलच आठवलं. पण आबाजींच्या आजोबांच्या नजरेने पाहा. त्यांचा कोठा तिन्ही वर्गांतून बनलेला होता. मेढी 'अ' मधून, छप्पर 'ब' मधून, आणि आत बांधलेली गुरं चरायला 'क' मध्ये. काल जे जंगलात जाऊन आणता येत होतं त्याला आता परवाना, फी आणि जंगल खात्याचा शिपाई आला.

आमचा भाग त्या वेळी यवतमाळ जिल्ह्यात नव्हताच. पुसद तालुका बाशीम म्हणजे वाशीम जिल्ह्यात होता, १९०५ च्या फेररचनेत तो यवतमाळला जोडला गेला. महागाव या पुसद तालुक्यातलं. आणि याच पुसदमध्ये १९३० साली जे घडलं ते शाळेत आम्ही एका ओळीत वाचलं आणि परीक्षेनंतर विसरलो.

१९३० म्हणजे मिठाचा सत्याग्रह. पण विदर्भात समुद्र कुठून आणायचा? अकोला जिल्ह्यात दहीहांड्याला खाऱ्या पाण्याच्या विहिरी होत्या, तिथे मीठ तयार करून कायदा मोडला गेला. पण मीठ काही विदर्भाचं रोजचं दुखणं नव्हतं. रोजचं दुखणं होतं जंगल. १० जुलै १९३० ला लोकनायक बापूजी अणे पुसदच्या राखीव जंगलात गेले आणि त्यांनी विनापरवाना गवत कापलं. त्यांना अटक झाली. अणे मूळचे याच जिल्ह्यातल्या वणीचे, यवतमाळला वकिली करायचे. त्यानंतर जंगल सत्याग्रहाचं लोण वऱ्हाड आणि मध्य प्रांतात सगळीकडे पसरलं, यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या जंगलातही सत्याग्रह झाले.

शाळेत हे वाचताना मला कायम प्रश्न पडायचा की गवत? एवढा मोठा पुढारी, आणि कापलं काय तर गवत? मीठ निदान भाजीत तरी लागतं. आता डोळ्यांसमोर आबाजींचा कोठा आणला की तो प्रश्न पडत नाही. गवत म्हणजे बैलाच्या पोटात काय जाणार आणि बैलाच्या डोक्यावर काय राहणार, दोन्ही. जुलैची दहा तारीख म्हणजे पाऊस सुरू होऊन महिना होत आलेला. ज्याचं छप्पर शाकारायचं राहून गेलं असेल, तो त्या दिवशी आपल्या गळक्या कोठ्यातून ही बातमी ऐकत असणार. हे मी कुठे वाचलेलं नाही, हा माझा आपला कल्पनाविलास. पण वऱ्हाडातला पावसाळा पाहिलेल्या कोणालाही तो पटेल.

असो. गवत असं महाग होत असतानाच दुसरीकडून पत्रा येत होता. नालीदार पत्र्याचं पेटंट हेन्री रॉबिन्सन पामर नावाच्या इंजिनियरने १८२९ साली लंडनमध्ये घेतलं. तो तिथल्या गोदीचा इंजिनियर होता आणि त्याला मालासाठी मोठी, स्वस्त शेड हवी होती. गंज लागू नये म्हणून जस्ताचा मुलामा द्यायची पद्धत १८३७ ची, फ्रान्समधली. म्हणजे मुळात ही चीज थंड, ओल्या लंडनमध्ये पेट्या आणि गोण्या झाकायला जन्माला आली. गोण्यांना उकडत नाही. आमच्याकडे रेल्वे आली (नागपूरला १८६७ मध्ये, आणि पुढे मूर्तिजापूर-यवतमाळ ही आपली लाडकी शकुंतला), कापसाचे जिन आले, आणि त्यांच्या गुदामांवर पत्रा आला. तिथेही तो गोण्या आणि गठाणीच झाकत होता. बैलाच्या डोक्यावर तो बऱ्याच नंतर चढला.

मधला टप्पा कवेलूंचा. गावातला कुंभार नळीची कवेलू करायचा. आग नाही, उष्णताही बरीच कमी. पण कवेलूंना एक शत्रू होता ज्याचा उल्लेख मला कोणत्याही पुस्तकात सापडला नाही, तो म्हणजे वानर. विदर्भातल्या कोणालाही विचारा, कवेलू काढून टिना का टाकल्या? दहातले सहा जण सांगतील, वांदरांनी फोडून टाकली. एक टोळी छपरावरून गेली की पन्नास कवेलू फुटतात, आणि मग भर पावसाळ्यात ती फेरायला माणूस शोधत फिरा. जंगल कमी झालं तशी वानरं गावात आली आणि गावातली कवेलू गेली. आर्किटेक्चरच्या इतिहासात हे नोंदलं जायला हवं असं माझं प्रामाणिक मत आहे.

कोठ्याचाच एक जमिनीखालचा भाऊ होता, त्याबद्दल न लिहिता पुढे जाववत नाही. आपण सगळेच म्हणतो, क्लासेसचं पेव फुटलंय, मॉलचं पेव फुटलंय. पण पेव म्हणजे काय हे माझ्या ऑफिसातल्या सात मराठी लोकांपैकी एकालाच सांगता आलं (ती नांदेडची). पेव म्हणजे धान्य साठवायचं भुयार. तोंड अरुंद, एक माणूस जेमतेम उतरेल एवढं, आणि आत पोट मोठं. आतून कडबा आणि कुटार लावून घ्यायचं, ज्वारी भरायची, तोंडावर शिळा ठेवून मातीने लिंपून टाकायचं.

यातली खुबी अशी की आत अडकलेली हवा धान्य आणि किडे मिळूनच संपवतात. प्राणवायू संपला की कीड मरते. जमिनीखाली चैत्र आणि पौष यांच्या तापमानात फारसा फरक पडत नाही. वर कोठा जळाला, वारा आला, गारा पडल्या, तरी वर्षा-दोन वर्षांची ज्वारी खाली सुखरूप. धोकाही त्यातच होता. नुकत्याच उघडलेल्या पेवात घाईने उतरलेला माणूस गुदमरून जायचा. म्हणून आधी तोंड उघडं ठेवायचं, मग दिवा सोडून पाहायचा. दिवा विझला तर थांबायचं.

आणि पेव काळ्या मातीत खणायचं नाही. तिथे पावसाळ्यात पाणी भरतं. पेव खणायचं ते पांढरीत. गावठाणाच्या जमिनीला पांढरी म्हणतात आणि शेतजमिनीला काळी, हे बहुतेकांना माहीत असेल. गाव उंचावर, पांढरीवर वसवायचं, शेती खालच्या काळीत करायची. पेव, कोठा, घर सगळं पांढरीत. पेवाची परंपराही काही आजकालची नाही. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ मध्ये उत्खनन केलं, तिथे तीन हजार वर्षांपूर्वीची घरं, धान्याची कोठारं आणि धान्य साठवायचे खड्डे सापडले. त्याच गावात इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास मोठी चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. पाऊस कमी झाला आणि लोकांना मोठी घरं परवडेनात, असं त्याचं एक स्पष्टीकरण दिलं जातं. हवामान बदललं की आधी बदलतं ते छप्पर.

आता बाबांकडे परत. महागाववरून जो हायवे जातो तो नागपूर-तुळजापूर रस्ता. मी त्यावरून लहानपणापासून एसटीने दोन्हीकडे गेलोय, पण छपरं बघत कधी गेलो नव्हतो. या उन्हाळ्यात गेलो. उत्तरेला वर्ध्याजवळ सेवाग्राम. गांधीजी १९३६ साली तिथे राहायला आले तेव्हा त्यांची अट होती की घर पाचशे रुपयांच्या आत आणि आसपासच्या सामानातून झालं पाहिजे. बापूकुटीत उभं राहिलो तर हा आबाजींच्या कोठ्याचाच सख्खा भाऊ निघाला! मातीचा कुड, बांबू, लाकडाचे खांब, कवेलू, खाली आलेली वळचण. भर उन्हाळ्यात दुपारी दोन वाजता आत बसवत होतं. फक्त तिथे देखभाल करायला संस्था आहे. बाबांकडे बाबा आहेत.

दक्षिणेला गेलं की नांदेड सोडल्यावर लातूर. तिथली जुनी घरं आणि गोठे माळवदाचे, आमच्याकडे ज्याला धाबं म्हणतात ते. लाकडी तुळया, त्यावर फळ्या आणि वर फूट-दीड फूट माती. उन्हासाठी याच्याइतकं उत्तम छप्पर दुसरं नाही. पण पुन्हा तोच हिशोब करा. एक फूट मातीचं वजन दर चौरस मीटरला जवळपास अर्धा टन. खाली मातीत रचलेल्या दगडांच्या भिंती. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या सुमारास किल्लारीला जमीन हलली तेव्हा ही छपरं झोपलेल्या माणसांवर आली. जवळपास आठ हजार माणसं गेली. तिथल्या गवंड्यांनी शेकडो वर्षं उन्हाशी लढायचं छप्पर बांधलं होतं आणि ते चोख बांधलं होतं. भूकंप त्यांच्या आठवणीतच नव्हता. तिथल्या कोणा म्हाताऱ्याला मी आमचं गवताच्या छपराचं कौतुक ऐकवावं, किंवा टिनेला नावं ठेवावीत, अशी माझी हिंमत नाही.

आमच्याकडेही आठवणीबाहेरचं घडलंच. २२ जुलै २०२३ ला महागाव तालुक्यात असा पाऊस कोसळला की आनंदनगर तांड्याला पाण्याने वेढलं आणि माणसं काढण्यासाठी हवाई दलाचं हेलिकॉप्टर बोलवावं लागलं. सरकारी हिशोबात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर गेलं की अतिवृष्टी. त्या रात्रीच्या पावसाने हा आकडा कुठल्या कुठे मागे टाकला. आमच्या वावरातला कोठा नाल्यापासून शंभर-दीडशे पावलांवर आहे, कारण तिथे मोटार जवळ पडते. त्या रात्री बाबांनी बैल सोडून गावाकडे हाकलले आणि मागून स्वतः आले. कोठ्याच्या कुडावर पाण्याची रेघ आहे, माझ्या गुडघ्याच्या वर. मी मोजली.

म्हणजे प्रश्न छपराचा होताच, पण जागेचाही होता. पांढरी सोडून खाली काळीत आलो, ते सोयीसाठी.

सगळा अभ्यास करून मी बाबांना एक कागद पाठवला. कोठा नाल्यापासून उचलून बांधाजवळच्या उंचवट्यावर न्यायचा, तिथे दोन फुटांवर मुरूम लागतो. जोतं दीड फूट वर. लोखंडी पाइपच्या मेढी, काँक्रीटमध्ये बसवलेल्या. छप्पर टिनेचंच, पण उतार जास्त, कडेच्या ओळींना दुप्पट हूक-बोल्ट, कारण वारा उचलायला सुरुवात करतो तो कडेपासून. दगड नकोत. टिनेच्या खाली हातभर अंतरावर बांबूचा ताटवा, त्यावर उन्हाळ्यापुरत्या तुराट्या आणि गवताचा थर, मृगाआधी काढून घ्यायचा म्हणजे पावसाळ्यात त्यात उंदीर-साप राहणार नाहीत. पश्चिमेला पऱ्हाट्यांचा कुड, शेणमातीचा लेप. वळचण खाली. पूर्वेला उघडं.

मला वाटलं बाबा खूश होतील. त्यांनी दोन दिवसांनी फोन केला. पाइप, बोल्ट, काँक्रीट, जागा सगळं मान्य. मग म्हणाले, "तो ताटव्यावरचा थर वैशाखात कोण चढवन अन् मृगाच्या आंधी कोण काढन?"

मी म्हटलं, माणूस लावू.

"सालदार भेटून नाही राह्यला दोन वर्सांपासून. आबाजीले चढता येत नाही. माहे गुडघे तुले माहीत हायेत." मग जरा थांबून, "तुह्याकडं किती दिवस सुट्टी असते उन्हाळ्यात?"

मी कॅलेंडर उघडलं. रिलीज मेच्या तिसऱ्या आठवड्यात आहे. मृग लागतो ७-८ जूनला. मधले दोन शनिवार-रविवार रिकामे दिसतात. पुणे-नांदेड रेल्वे आणि तिथून एसटी. तिकिटाला वेटिंग आहे, पण वेटिंग आमच्याकडे बहुधा सुटतं. बोल्टांची यादी बाबांनी पुसदच्या दुकानात दिलीय, १८० नग सांगितलेत, २०० घ्या म्हटलं.

सहावी टीन अजून सापडलेली नाही.